सांधेरोपणावरील जिवाणूंची प्रतिजैविक-संवेदनशीलता

कृत्रिम गुडघा, खुबा किंवा खांदा यांवर वाढलेले जिवाणू कोणत्या प्रतिजैविकाने रोखले जातात, हे दाखवणारा गुणधर्म. गुडघ्याच्या वा खुब्याच्या पहिल्या रोपणानंतर साधारण १ ते २ टक्के रुग्णांत जंतुसंसर्ग होतो. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि एरवी त्वचेवर निरुपद्रवी राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हे प्रमुख. खांद्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस वारंवार सापडतो. तो इतका सावकाश वाढतो की संवर्धन १४ दिवसांपर्यंत ठेवावे लागते.

शस्त्रक्रियेत सांध्याभोवतालच्या ऊतींचे ३ ते ६ नमुने घेतात. काढलेले रोपण द्रवात ठेवून श्राव्यातीत लहरींनी हादरवले की त्याला चिकटलेले जिवाणू सुटून येतात. मेयो क्लिनिकमधील २००७ च्या अभ्यासात या पद्धतीने ७८.५ टक्के संसर्ग ओळखता आले, तर ऊतींच्या संवर्धनाने ६०.८ टक्के.

मिळालेल्या जिवाणूंवर वेगवेगळी औषधे वापरून वाढ थांबवणारी किमान मात्रा मोजतात. खरी अडचण इथेच आहे. ही मात्रा द्रवात मोकळ्या वाढणाऱ्या जिवाणूंची असते. धातू वा प्लास्टिकवरचे जिवाणू मात्र स्वतःच स्रवलेल्या चिकट थरात, म्हणजे बायोफिल्ममध्ये, जवळजवळ सुप्तावस्थेत असतात. त्यांना मारण्यासाठी कधीकधी हजारपट मात्रा लागते, आणि ती शरीराला सोसत नाही. अहवालात ‘संवेदनशील’ ठरलेले औषध रुग्णात अपुरे पडते ते यामुळे. बायोफिल्मवरील चाचण्या उपलब्ध असल्या, तरी त्यांच्या निष्कर्षांवरून औषध निवडण्याचे सर्वमान्य निकष नाहीत.

म्हणून काही औषधांचे स्थान वेगळे आहे. स्टॅफिलोकॉकसच्या बायोफिल्मवर रिफाम्पिसिन प्रभावी ठरते. पण एकटे दिल्यास आरपीओबी जनुकातील एका उत्परिवर्तनानेही प्रतिरोध येतो, तोही थोड्या दिवसांत. त्यामुळे ते नेहमी दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस चाचणीत रिफाम्पिसिन-सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेऊन उपचार पूर्ण केलेले सर्व रुग्ण बरे झाले, नुसत्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनने ५८ टक्के. रुग्णसंख्या मात्र फार लहान होती. भारतात हेच औषध क्षयरोगाच्या उपचाराचा कणा असल्याने ते सुरू करण्यापूर्वी सांध्याच्या क्षयाची शक्यता तपासणे शहाणपणाचे. मेकए जनुक असलेल्या स्टॅफिलोकॉकसवर मेथिसिलिनसह बहुतेक बीटा-लॅक्टम औषधे निरुपयोगी ठरतात. तिथे व्हॅन्कोमायसिन वापरतात.

जंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळलेले बोन सिमेंट, म्हणजे रोपण हाडात पक्के करणारे सिमेंट, १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गमध्ये शल्यविशारद बुखहोल्त्स यांनी प्रचारात आणले. त्यातून सांध्यात औषधाची मोठी मात्रा मिळते; मात्र पुढे दीर्घकाळ झिरपत राहणारी अल्प मात्रा प्रतिरोधी जिवाणूंना, विशेषतः स्टॅफिलोकॉकसच्या सूक्ष्म वसाहती करणाऱ्या प्रकारांना, टिकू देऊ शकते.