पन्नास पौंडांचा सौदा

पदरमोड करून स्वतःचे पुस्तक छापणारा लेखक स्वतंत्र झाला, असे आपण सहज धरून चालतो. गुन्हेकथेच्या धंद्यात ही समजूत किती अपुरी आहे, हे १८८६ सालच्या मेलबर्नमध्ये दिसले. न्यूझीलंडहून आलेला फर्गस ह्यूम तिथे एका बॅरिस्टरकडे कारकुनी करत होता. त्याला व्हायचे होते नाटककार. पण नाट्यगृहांचे चालक त्याची नाटके वाचायलाही तयार नव्हते. आधी नाव व्हावे म्हणून त्याने एका पुस्तकविक्रेत्याला विचारले, सध्या काय खपते? उत्तर मिळाले, फ्रेंच लेखक गाबोरिओच्या गुप्तहेरकथा. त्या विकत आणून, वाचून त्याने ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ लिहिली. वसाहतीतल्या माणसाला वाचण्याजोगे काही लिहिता येत नाही, अशी प्रकाशकांची खात्री होती. म्हणून ती त्याने स्वतःच छापली. हा सारा वृत्तांत त्याने दहा वर्षांनी लिहिलेल्या प्रस्तावनेतला आहे, त्यामुळे त्याला थोडे तिखटमीठ लागले असेल. मात्र पुस्तक त्याने स्वतः काढले, याबद्दल वाद नाही.

ते खपले त्यामागे नशीब होते तसा हिशेबही होता. हॅन्सम कॅब ही दोन चाकांची घोडागाडी. तिचा चालक मागे उंचावर बसतो, त्यामुळे आतल्या उतारूंचे काय चालले आहे हे त्याला सहजी दिसत नाही. ह्यूमने खुनासाठी नेमकी हीच जागा निवडली: दारू प्यायलेला एक उतारू, त्याच्यासोबत चढून वाटेत उतरून गेलेला दुसरा आणि तोंडाला क्लोरोफॉर्मचा रुमाल बांधलेले प्रेत घेऊन पोलीस ठाण्यात आलेला गाडीवान. कथेची सुरुवातच वर्तमानपत्रातल्या बातमीने होते. रस्ते वाचकांच्या पायाखालचे आणि गाडी रोजच्या वापरातली. लेखकाच्या सांगण्यानुसार पाच हजारांची पहिली आवृत्ती तीन आठवड्यांत संपली.

पुढे त्याने पुस्तकाचे हक्क पन्नास पौंडांना विकले. १८८७ मध्ये ते लंडनमध्ये निघाले, लाखो प्रती गेल्या आणि त्यातला एक पैसाही ह्यूमच्या हाती आला नाही. भोळा लेखक लुबाडला गेला, असा निकाल यावर बहुतेक जण देतात. पण त्या काळचे दर पाहिले तर हा निकाल टिकत नाही. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी कॉनन डॉयलने अवघ्या पंचवीस पौंडांत हक्कांसह देऊन टाकली होती. म्हणजे ह्यूमला दुप्पट मिळाले. हक्क राखून त्याने लंडनमध्येही स्वतःच पुस्तक काढायला हवे होते, असेही कुणी म्हणेल. त्यासाठी भांडवल कुठून आणायचे? शिवाय अमेरिकेत १८९१ पर्यंत परदेशी लेखकाच्या हक्काला कायद्याचे संरक्षण नव्हते. तिथल्या बाजारात हक्क राखूनही उपयोग झाला नसता.

त्याला भोळा ठरवणारे आणखी एक गोष्ट विसरतात: नाट्यरूपांतराचे हक्क त्याने विकले नव्हते. १८८८ मध्ये ती कथा लंडनच्या रंगभूमीवर आली आणि त्यातून त्याला कमाईही झाली. म्हणजे सौदा करताना हा माणूस झोपलेला नव्हता. कादंबरी ही त्याच्या लेखी नाटकाची जाहिरात होती, आणि काम झाले की जाहिरात कुणी जपून ठेवत नाही. इथेच तो चुकला. गाबोरिओच्या खपावरून वाचकांची भूक त्याने अचूक ताडली, पण तीच भूक आपल्याला जन्मभर पोसू शकेल, हे त्याला उमगले नाही. पुढे इंग्लंडला जाऊन १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीचे यश एकीलाही लाभले नाही. छापखान्याचे बिल स्वतः भरल्याने त्याला वाचक मिळाले. ते टिकवायचे तर आपण कशाचे लेखक आहोत हे आधी ठरायला हवे होते, आणि सौद्याच्या दिवशीही ह्यूम स्वतःला नाटककारच समजत होता.