छावणीतलं चर्च कुणाचं?

खाम नदी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की औरंगाबादची छावणी सुरू होते आणि तिथल्या चर्चविषयी एक ठरलेलं वाक्य कानावर येतं: इंग्रजांनी बांधलं, इंग्रज गेले, चर्च राहिलं. वेरूळच्या वाटेवर असलेला पर्यटकही याच समजुतीनं गाडीतून एक नजर टाकतो नि पुढं जातो. वरवर पाहता या वाक्यात खोटं काही नाही, पण इतिहास म्हणून ते फार लंगडं आहे. छावणीतलं क्राइस्ट चर्च पवित्र स्थान झालं ते गोऱ्या पलटणींमुळे नव्हे. मराठी बोलणाऱ्या, बहुतांशी गरीब मंडळीनं ते तसं केलं, आणि ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या दारातून आत जाण्याला अर्थ नाही.

पुरावा आधी फौजेचाच घेऊ. औरंगाबाद हा ब्रिटिश मुलूख कधीच नव्हता, तो निजामाचा. इथं राहणारं सैन्य हे हैदराबाद कंटिन्जंट. 1853च्या तहानंतर त्याच्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं आणि 1903 मध्ये हे दल हिंदी सैन्यात विलीन झालं. त्याचे अधिकारी इंग्रज होते, पण शिपाई आणि स्वार देशीच, हिंदू आणि मुसलमान. जून 1857 मध्ये औरंगाबादेत जी पहिली कॅव्हलरी बिथरली, तीही याच दलातली. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च पाहा. 1858 साली त्याचं पवित्रीकरण झालं. तिथल्या लाकडी बाकांना बंदूक उभी टेकवून ठेवण्यासाठी खाचा आहेत; हातातलं शस्त्र खाली न ठेवता गुडघे टेकणाऱ्या गोऱ्या सोल्जरांसाठी केलेलं ते सुतारकाम आहे. तिथं रविवारी पलटणच्या पलटण प्रार्थनेला यायची. औरंगाबादेत मूठभर अधिकारी, त्यांच्या बायका-मुलं आणि एखाद-दुसरा डॉक्टर, एवढ्या माणसांनी एक बाजू तरी भरली असती का? इंग्रजांची संख्याच इतकी तोकडी होती, की इथल्या ख्रिस्ती उपासनेचा दीड शतकाचा हिशोब त्यांच्या खात्यावर मांडताच येत नाही.

मग तो कुणाच्या खात्यावर मांडायचा? चर्च मिशनरी सोसायटीचं औरंगाबादचं काम 19व्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं ते रेव्हरंड रतनजी नवरोजी जन्मानं पारशी होते. या सोसायटीचं पश्चिम हिंदुस्थानातलं मोठं ठाणं नाशिकजवळचं शरणपूर. (डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह मायदेशी पोचवणारा आफ्रिकन तरुण जेकब वेनराइट याच नाशिकच्या शाळेत शिकला होता. मिशनचा पसारा किती लांबवर गेला होता, याची त्यावरून कल्पना येते.) म्हणजे मिशन विलायती, पाळक पारशी, मुलूख निजामाचा आणि मंडळी गोदावरीकाठच्या खेड्यांतली, मुख्यतः महार-मांगांच्या वस्त्यांतली. उपासनेची भाषा मराठी. पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1919 पर्यंतच्या आयुष्यात अभंग-ओवीच्या वळणाची भजनं रचली. त्यानंतर तर मराठी चर्चमधलं गाणं पुरतं इथलं झालं. पेटी आणि तबल्यावर चाललेल्या भक्तीला वसाहतीचा अवशेष म्हणणं हे न ऐकताच मत देण्यासारखं आहे.

यावर नेहमीचा आक्षेप तयारच असतो: ही माणसं पोटासाठी बाटली. दुष्काळात मिशननं धान्य दिलं, तेव्हा लोक चर्चमध्ये आले. हे सपशेल नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. 1876-78चा आणि 1899-1900चा दुष्काळ या भागानं सोसला, आणि उपाशी माणूस अन्न देणाऱ्याच्या दाराशी जातो, यात नवल नाही. पण हा आक्षेप येण्याचं कारण सांगतो, टिकण्याचं नाही. 1950च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलितांना सवलतींबाहेर ठेवलं. पुढं शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये त्या मिळाल्या. ख्रिस्त्यांना मिळाल्या नाहीत. छावणीच्या शेजारीच नागसेनवनात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं दलित मुलांसाठी उच्च शिक्षणाचं दार उघडलं, 1956 नंतर धम्माची वाटही समोर होती. लाभाचं गणित मांडायचं तर चर्च सोडण्यातच शहाणपण होतं. तरी मंडळी राहिली. पोटासाठी आलेली माणसं पोटाचं नुकसान सोसून तीन-चार पिढ्या बसून राहत नाहीत.

दुसरा आक्षेप वेगळा आणि जरा गमतीचा. ज्या जिल्ह्यात कैलास लेणं आहे, तिथं या चर्चला ऐतिहासिक म्हणायचं तरी कशाला? वयाच्या शर्यतीत ते हरणार, हे उघडच आहे. पण पवित्र स्थानाचं वय कसं मोजायचं, हा प्रश्न रशियातल्या लाकडी चर्चनी चांगला उभा केला आहे. ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर 1714चं रूपांतर-चर्च आहे: 22 घुमट, 37 मीटर उंची, पाइनचे ओंडके एकमेकांत अडकवून रचलेल्या भिंती. ‘एकही खिळा न वापरता’ असं त्याच्याबद्दल सांगतात. भिंतींपुरतं ते खरं, पण घुमटांवरच्या अॅस्पेनचे लाकडी खवले खिळ्यांनीच ठोकले आहेत. सोव्हिएत काळात उपासना बंद पडली, 1966 मध्ये बेटावर संग्रहालय झालं, 1990 मध्ये जागतिक वारशाची मान्यता आली. नंतर आतल्या पोलादी सांगाड्यावर अख्खी इमारत टप्प्याटप्प्यानं उचलून कुजलेले ओंडके बदलले; ते काम 2020 मध्ये संपलं. लाकूड वाचलं, त्याबद्दल सुतारांना दाद द्यावी तेवढी थोडी. पण भाविकांच्या दृष्टीनं कित्येक दशकं ती सुबक इमारतच होती. प्रार्थना परतली ती सोव्हिएत सत्ता गेल्यावर. छावणीतल्या चर्चकडे युनेस्कोची पाटी नाही, पण तिथल्या मंडळीला असा खंड सोसावा लागला नाही. कंटिन्जंट गेलं, 1948 मध्ये निजामाची सत्ता गेली, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि ते चर्च त्यात सामील झालं. रविवारची घंटा मात्र चालू राहिली.

तेव्हा वेरूळला जाताना छावणीत थांबायचं असेल, तर फोटोपुरतं थांबू नका. रविवारी सकाळी जा, मागच्या बाकावर बसा, उपासना पूर्ण ऐका आणि मग पाळकांना मंडळीतल्या जुन्या घराण्यांबद्दल विचारा. बांधकामाची माहिती फलकावरही मिळते, ही माहिती माणसांकडेच आहे.