कासोटा : वारसा कोणाचा, चपळाई कोणाची?

स्त्रियांच्या उंची पोशाखांच्या जाहिरातींतून ‘परंपरा आणि खेळकर चपळाई यांचा संगम’ अशा आशयाचे शब्द वारंवार भेटतात. पैठणीच्या काठाची, विजारीसारखी शिवलेली, चेन आणि हूक लावलेली नऊवारी हे त्या संगमाचे मराठी रूप. या मांडणीत एक गृहीतक दडलेले असते : परंपरा आपली, वाड्यातली, संथ, आणि चपळाई बाहेरून, पश्चिमेकडून आलेली. हे गृहीतक तपासण्यासाठी मुंबईतल्या नायगावसारखी दुसरी जागा नाही असे आम्हांस वाटते.

पश्चिमेची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९२१ साली सुझान लेंग्लेन ही फ्रेंच टेनिसपटू विम्बल्डनच्या हिरवळीवर उतरली ती झाँ पातू या पॅरिसच्या वेशकाराने बेतलेला आखूड चुण्यांचा झगा आणि बिनबाह्यांचे जाकीट घालून. १९२५ मध्ये पातूने खेळाच्या कपड्यांचे स्वतंत्र दालनच उघडले. खेळाडू स्त्रीचा वेश श्रीमंत स्त्रीच्या कपाटात शिरला तो या वाटेने. मुंबईतही त्या काळी टेनिस खेळणाऱ्या स्त्रिया होत्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी मिश्र दुहेरीत नाव नोंदवलेल्या मेहेरबाई टाटा पारशी पद्धतीच्या साडीत टेनिस खेळत. तुकारामाच्या गाथेचे संपादन करणाऱ्या शंकर पांडुरंग पंडितांच्या कन्या, संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव याही टेनिसपटू होत्या. त्यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकला. असा विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. परंतु हा सारा जिमखान्यांचा इतिहास झाला. धावणाऱ्या, वाकणाऱ्या, ओझे उचलणाऱ्या स्त्रीदेहाचा इतिहास जिमखान्याच्या कुंपणाबाहेर, कितीतरी आधीपासून चालू होता.

त्याची साक्ष भाषेतच आहे. ‘पदर खोचणे’ आणि ‘कंबर कसणे’ हे वाक्प्रचार आपण आज कोणत्याही निर्धारासाठी वापरतो. पण मुळात ते वस्त्राच्या कृतीचे वर्णन आहे. जुन्या शब्दांत नेसणीचे दोन प्रकार : सकच्छ आणि विकच्छ. सकच्छ नेसणीत निऱ्यांचा घोळ दोन पायांमधून मागे नेऊन खोचतात, आणि लुगडे दोन्ही पायांना वेगवेगळे वेढते. म्हणजे एकही टाका न घालता विजार तयार होते. नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर कापडाची ही युक्ती घोड्यावर बसायला, चिखलात भात लावायला आणि शिडीवर चढायला सारखीच उपयोगी पडते.

तथापि सगळे कासोटे सारखे नव्हते, आणि आमच्या मते खरा मुद्दा इथे आहे. ब्राह्मणी नेसण घोट्यापर्यंत उतरते. शेतकरी, कामकरी आणि कोळी स्त्रियांची नेसण पोटरीवर किंवा गुडघ्यापर्यंत थांबते. लुगडे किती खाली उतरावे, यात जात आणि श्रम दोन्ही वाचता येत असत. चपळाई ज्या नेसणीत सर्वाधिक, तिची प्रतिष्ठा सर्वांत कमी.

ही कमी प्रतिष्ठेची नेसण कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आली. नायगावात बॉम्बे डाइंगची स्प्रिंग मिल होती. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी ४२ इमारती इथे, आणि त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. गिरण्यांत स्त्रिया मुख्यतः रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत असत. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमबाईला ‘नायकीण’ म्हणत. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने त्यांच्या कामाची मर्यादा ठरवली तीही दिवसाला ११ तासांची. इतके तास यंत्रांपाशी उभे राहायचे तर सुटा पदर आणि लोळता घोळ परवडणारा नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राची तपासणी वा तेलपाणी करण्यासाठी अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांची अट घातली गेली. मात्र ते काम प्रशिक्षित पुरुषाचे, स्त्रीला त्याची मनाई. कायद्याच्या लेखी आटोपशीर वेश पुरुषाचा. स्त्रीने तो स्वतःच्या नेसणीत आधीच साधलेला होता, याची नोंद कायद्यात नाही.

याच नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या कपाटांत स्त्रीसुधारणेवरचे शतकभराचे वाङ्मय जपलेले आहे. त्या वाङ्मयात सुशिक्षित स्त्रीची आधुनिकता गोल पातळाशी, म्हणजे विकच्छ पाचवारीशी, जोडली गेली. दुसऱ्या महायुद्धातील कापडटंचाई आणि १९४३ चा कापड नियंत्रण हुकूम यांनंतर नऊ वार नेसणे खर्चाचेही ठरले. शाळेत आणि कचेरीत जाणाऱ्या स्त्रीने कासोटा सोडला. तो उरला आजीकडे, भाजीवालीकडे, मासळी बाजारात. आधुनिक होण्याच्या ओघात पायांना मोकळीक देणारी नेसण गावंढळ ठरली आणि पाय बांधणारी नेसण सुधारलेली, हा विरोधाभास आमच्या समाजेतिहासात फारसा चर्चिला गेलेला नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव विझत गेला. त्यानंतरच्या काळात, गुढीपाडव्याच्या शोभायात्रांतून, नऊवारी मोटारसायकलवर परतली. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ या हिंदी चित्रपटाने तिला भरजरी वैभव दिले आणि नेसणीच्या औचित्यावर वादही उभा केला. २०१८ मध्ये मुंबईच्या क्रांती साळवी यांनी बर्लिन मॅरेथॉन नऊवारीत ३ तास ५७ मिनिटांत पूर्ण करून गिनीज विक्रम नोंदवला. ४२ किलोमीटरांची ती धाव म्हणजे कासोट्याच्या रचनेची सर्वांत कठोर परीक्षा होती.

परतलेल्या नऊवारीला मात्र ‘पेशवाई’ हे नाव अधिक आवडते. काठ-पदर वाड्यातून घेतला, हे खरे. पण जी चपळाई त्यात ‘मिसळली’ म्हणून किंमत वाढते, ती पॅरिसहून आणावी लागली नव्हती. ती खात्यात उभी राहणाऱ्या आणि डोक्यावर पाटी घेणाऱ्या बाईने सिद्ध केलेली होती. शिवलेल्या नऊवारीला आमचा आक्षेप नाही. नेसायला अर्धा तास नसलेल्या नोकरदार स्त्रीची ती सोय आहे, आणि वस्त्रे अशीच बदलत जगतात. आक्षेप आहे तो वंशावळीला. स्प्रिंग मिलच्या जागेवर आज उंच निवासी मनोरे आहेत, आणि त्याच जमिनीच्या एका हिश्शावर गिरणी कामगारांसाठी बांधलेली घरेही. जमिनीत कामगाराचा वाटा असतो हे भांडून का होईना, मान्य झाले. नेसणीतला कामगार स्त्रीचा वाटा मान्य करायला मोर्चाची गरज नाही. साहित्य आणि इतिहास शिकवणाऱ्यांनी ‘परंपरा’ हा शब्द उच्चारताना कोणाची परंपरा, एवढा प्रश्न वर्गात विचारला तरी पुरे.