घेवडा रोगाशी कसा लढतो

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे आमचे कुरकुंभ रसायनांच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. येथे यंत्रे चालतात, कामगार पाळ्या करतात, तेव्हा माल बाहेर पडतो. घेवड्याचे झाडही रोग अंगाशी आल्यावर आपले औषध स्वतःच तयार करते. हे माणसाला कसे कळले, तो इतिहास आम्ही सांगणार आहोत.

तांबेरा ही बुरशी होय. तिचे बीजाणू वाऱ्याने येतात, ओल्या पानावर रुजतात आणि पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात. ती जिवंत पेशींवरच जगते. १९०२ साली मार्शल वॉर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने गवताच्या तांबेऱ्यासंबंधी लिहिताना दाखविले की, रोगाला दाद न देणाऱ्या झाडात बुरशी लागलेल्या पेशी चटकन मरतात. बुरशीचे अन्न तुटते आणि बाकीचे पान वाचते.

परंतु एवढ्यानेच भागते काय? १९४० साली जर्मनीत म्युलर व बोर्गर यांनी बटाट्याला प्रथम करप्याचा निष्प्रभ ठरणारा वाण लावला, नंतर त्याच जागी घातक वाण लावला. तोही वाढेना. तेव्हा पेशी काही विष निर्माण करीत असाव्यात, असे अनुमान त्यांनी काढले. १९५८ साली म्युलरने घेवड्याच्या उघडलेल्या शेंगांत बीजाणूंचे पाणी ठेवले व त्यात बुरशीला रोखणारे द्रव्य उतरते, हे दाखविले. पुढे ऑस्ट्रेलियात क्रुकशँक व पेरिन यांनी १९६० साली वाटाण्यातून पिसॅटिन आणि १९६३ साली घेवड्यातून फॅसिओलिन वेगळे केले.

मग घेवडा रोगाला बळी का पडतो? अमेरिकेत फ्लोरने १९४० नंतरच्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावरून याचा उलगडा केला. झाडाच्या प्रतिकारक जनुकाशी रोगाचे एकेक जनुक जुळते. त्यावरून झाड शत्रूला ओळखते. रोगाने ती खूण बदलली की ओळख पटत नाही आणि औषध वेळेवर तयार होत नाही.

म्हणून साऱ्या शिवारात एकच वाण पेरणे धोक्याचे. खूण बदलली तर सगळेच पीक एकदम सापडते, आणि मग फवाऱ्यावाचून गत्यंतर उरत नाही. फवारा पाठीवर घेणारा मजूर असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. तेव्हा कोरेगावच्या वाघ्या घेवड्यासारखे जुने वाण जपणे आणि निरनिराळे वाण पेरणे, हा आमच्या मते शेतकऱ्याइतकाच मजुराच्याही हिताचा प्रश्न आहे.