कलकत्त्याचं विमान

परवा नातवाने मोबाईलवर मुंबई-कोलकाता हवाई अंतर काढून दाखवलं. सुमारे १६६० किलोमीटर, वेळ पावणेतीन तासांच्या आसपास. मी म्हटलं, "अरे, याच वाटेवर आपलं भंडारा आहे!" त्याला पटेना. मग जुनी गोष्ट सांगावी लागली. तीच इथे लिहितो.

३० जानेवारी १९४९ पासून देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवाई. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान निघे. चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. एप्रिल १९४९ पासून तर साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली.

नागपूरच का? वर्गात मी मुलांना नकाशावर पट्टी ठेवायला लावत असे. मुंबई-कलकत्ता रेघ ओढा, दिल्ली-मद्रास रेघ ओढा. दोन्ही एकमेकींना छेदतात त्या नागपूरजवळच. नागपूरहून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, कलकत्ता ९८०, दिल्ली ८५५, मद्रास ९०५. म्हणजे नागपूरला थांबूनही वाट जवळपास वाढतच नाही. तेव्हाची डकोटा विमानं ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडत. कलकत्त्याला साडेतीन तास, मुंबईला अडीच तास. हिशेब अगदी जमून येई. पुढे त्या मार्गावर मोठी स्कायमास्टर विमानंही आली.

कलकत्त्याची वाट भंडाऱ्याजवळून जाई. लहानपणी अंगणात झोपलं की रात्री घरघर ऐकू येई आणि वडील म्हणत, "कलकत्त्याचं विमान चाललं." काका तिकडे नोकरीला होते.

१९६३ साली आजी अंथरुणाला खिळली. तार आली की माणूस धसका घेतो, म्हणून वडिलांनी सोमवारी सकाळी पत्रच टाकलं. "रात्री विमानात बसेल, उद्या पोचेल," असं म्हणाले. हिशेब चुकला नाही. मंगळवारी दुपारी पत्र काकांच्या हातात पडलं. त्याच रात्री ते गाडीत बसले आणि बुधवारी संध्याकाळी भंडारा रोडला उतरले. आजी सकाळीच गेली होती.

त्याच विमानांतून प्रवासीही जात, पण ते भाडं आमच्यासारख्यांना कुठून परवडणार? पत्र रात्रीत आलं-गेलं तरी माणसाला रेल्वेच होती. सोमवारीच तार केली असती तर काका मंगळवारी संध्याकाळी घरी असते. वडिलांना ही रुखरुख शेवटपर्यंत राहिली. नंतर विमानाचा आवाज आला की ते काही बोलत नसत, नुसते कूस बदलत.

सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली. सोनेगावच्या विमानतळाला आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे.

नातू सगळं ऐकून म्हणाला, "आजोबा, आता फोन केला असता ना!" खरंच आहे. पण बाळा, फोन केल्यावर निघायचंही असतं.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी आठवण असेल तर जरूर कळवा.