वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक : आर्थिक गुणोत्तरे व पुनरुज्जीवन
गावोगावच्या सेवा सोसायट्यांमार्फत पीककर्ज देणारी बँक. 2002 च्या होमट्रेड रोखे घोटाळ्यात तिचा पैसा अडकला. अशी आर्थिक अडचण ओळखण्यासाठीचे एडवर्ड ऑल्टमन यांचे झेड-गुणांक सूत्र (1968) पाच गुणोत्तरे जोडते आणि 1.81 च्या खाली आलेला कारखाना धोक्यात मानते. विक्रीवरही बेतलेले असल्याने ते बँकेला जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे निर्णायक ठरते ते जोखीमभारित मालमत्तेशी भांडवलाचे गुणोत्तर. बुडीत कर्जाची तरतूद वाढली की तोटा होतो, तोटा भांडवल खातो आणि गुणोत्तर घसरते. बँकिंग परवान्यासाठी ते किमान 4 टक्के हवे होते. 2014 मध्ये केंद्राने नागपूर, बुलडाणा व वर्ध्यासह 23 विनापरवाना जिल्हा बँकांसाठी भांडवल योजना मंजूर केली. नुसता निधी पुरेसा नव्हताच. थकीत कर्जे दोन वर्षांत निम्म्यावर आणण्याची अट योजनेत रास्तपणे घातली होती.