प्रगतीचा कर्ता कोण? : नगर हवेलीच्या इतिहासावरून एक विचार

मानवी प्रगती काळाच्या ओघात आपोआप घडते, असा विश्वास अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बळावला. ज्ञान वाढेल तसतसा मनुष्यही उन्नत होत जाईल, असे कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने प्रतिपादिले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९५ साली प्रसिद्ध झाला. हा विश्वास कितपत खरा, हे पाहावयास आपणांस दूर जावयास नको. सिल्व्हासाचा परिसर पुरेसा आहे.

१७७९ साली पेशवे व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांस द्यावयाची, असे त्यात ठरले. त्यानुसार १७८३ साली नगर हवेली आणि १७८५ साली दादरा त्यांच्याकडे गेले. मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे, असा निर्वाळा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० साली दिला. कायद्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची खरीच. परंतु येथील वारली, कोकणा व धोडिया यांना त्या तहात स्थान होते ते केवळ वसुलाच्या आकड्यात. काळ पावणेदोनशे वर्षे पुढे सरकला, तरी १९६१ च्या जनगणनेत शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती.

बदल घडला तो नकारातून. सीमेपलीकडील उंबरगाव तालुक्यात, झरी या गावी, मे १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली एकत्र आले आणि वेठबिगार करणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी मुक्त झाले. ही चळवळ कम्युनिस्टांची होती, म्हणून तिच्यातील सत्य आपण नाकारू नये. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्व्हासा मुक्त झाले आणि १९६१ साली हा प्रदेश भारतात विलीन झाला. १९७१ च्या भूसुधारणा कायद्याची १९७४ साली अंमलबजावणी होऊन अल्वारा व तेरम या जुन्या धारणापद्धती संपुष्टात आल्या.

त्यानंतर कारखाने आले, मधुबनचे धरण झाले. २०११ पर्यंत साक्षरता शेकडा ७६ वर गेली. हा लाभ लहान नव्हे. तथापि जलाशयाखाली गेलेली शेते प्रामुख्याने आदिवासींची होती. १९९१ साली लोकसंख्येत सुमारे चार पंचमांश असलेला हा समाज २०११ साली निम्म्यावर आला. त्याची संख्या घटली नाही. बाहेरून कामगार मोठ्या प्रमाणावर आले. तेही पोटासाठी घर सोडून आलेलेच होत. येथे प्रश्न उद्भवतो : जो पूर्वी वसुलाचा आकडा होता, तो आता मजुरीचा आकडा झाला काय?

मिसर देशातील मुकादम विटा मोजीत होते. परमेश्वराने आक्रोश ऐकला. निर्गमाचा आरंभ तेथे आहे. पोप सहावे पॉल यांनीही १९६७ च्या आपल्या परिपत्रकात विकास हा प्रत्येक मनुष्याचा व संपूर्ण मनुष्याचा असला पाहिजे, असे शिकविले. यंत्र, कायदा, पाणी ही प्रगतीची साधने होत. तिचा कर्ता मनुष्यच, आणि तोही आपण आकडा नाही हे ओळखलेला मनुष्य.

यास्तव पाड्यावर वा कामगारांच्या चाळीत जाणाऱ्या धर्मशिक्षकाने प्रथम उपदेश करू नये. समोरच्याचे नाव विचारावे, आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.